गेन कमी करा, मग बोलू: गिटारच्या टोनबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात पत्रांमध्ये एकच विषय परत परत आलाय. जुन्या रॉक रेकॉर्डवर गिटारचा जो आवाज ऐकतो तो घरातल्या डिजिटल युनिटमधून (अँप आणि इफेक्टची नक्कल करणारा डबा) किंवा लॅपटॉपमधून कसा काढायचा? बडोद्याची पत्रं आधी घेतो.

प्रश्न: दादा, मी दांडिया बाजारात राहतो, सेकंड इयरला आहे. सेकंडहँड मल्टिइफेक्ट युनिट घेतलंय, त्यात मार्शल प्लेक्सी या जुन्या अँपचं मॉडेल, म्हणजे डिजिटल नक्कल, आहे. मला एसी/डीसीसारखा रिदम टोन हवाय. गेन (आवाज किती फाटतो ते ठरवणारा नॉब) ८, ट्रेबल ७, बास ६ ठेवलंय आणि हेडफोन लावून वाजवतो, पण आवाज चिरका आणि पातळ येतो. युनिटच हलकं आहे का, नवीन घ्यावं का?

उत्तर: नवीन काही घेऊ नकोस. आधी गेन ८ वरून ३ वर आण, खरंच आण आणि मग पुढचं वाच. एसी/डीसीच्या अँगस आणि माल्कम यंगच्या रेकॉर्डिंगमध्ये डिस्टॉर्शन (आवाजाचं फाटणं) आपल्याला आठवतं त्यापेक्षा खूप कमी आहे, नीट कान देऊन ऐक, कॉर्ड वाजली की तिच्यातली एकेक तार वेगळी कळते. तो आवाज जाड वाटतो कारण एक गिटार डावीकडे आणि एक उजवीकडे वाजतेय, आणि दोन्ही अँप प्रचंड मोठ्याने वाजतायत. आपण घरी त्या मोठेपणाची भरपाई गेन वाढवून करायला जातो आणि तिथेच सगळं बिघडतं.

आता हे असं का, ते थोडं सविस्तर सांगतो कारण एकदा कळलं की कुठल्याही युनिटवर उपयोगी पडेल. जिम मार्शल मुळात ड्रमर, ड्रम शिकवायचे, लंडनच्या हॅनवेल भागात त्यांचं दुकान होतं, तिथे १९६२ मध्ये जेटीएम४५ हा पहिला अँप तयार झाला आणि त्याचं सर्किट बरंचसं फेंडर बासमनवरून घेतलेलं होतं. पुढे 'द हू' बँडच्या पीट टाउनशेंडला अजून आवाज हवा होता म्हणून १९६५ मध्ये १०० वॉटचा अँप आला आणि तिथून तुझ्या युनिटमधला तो प्लेक्सी. या अँपला मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा आवाज वेगळा कमी करणारा नॉब) नव्हताच, मार्शलने तो १९७५ मध्ये दिला. म्हणजे आवाजाला थोडी धार आणायची तर एकच रस्ता, व्हॉल्यूम चढवायचा, आणि तो चढवला की नुसती प्रीअँपची, म्हणजे अँपच्या पहिल्या टप्प्याची, ट्यूब काम करत नाही, मागच्या ईएल३४ पॉवर ट्यूब, ट्रान्सफॉर्मर, समोरच्या कॅबिनेटमधले चार १२ इंची स्पीकर, सगळेच थोडे थोडे ताणले जातात आणि प्रत्येक जण आवाजाचं टोक जरासं गोल करतो. कुठल्याच एका जागी खूप डिस्टॉर्शन नाही, सगळीकडे थोडं थोडं आहे.

म्हणून तुझ्या मॉडेलमध्ये 'मास्टर' नावाचा कंट्रोल असेल तर तो पूर्ण वर ने, कारण मूळ अँपमध्ये तो नाहीच, आणि हेडफोनमधला आवाज युनिटच्या आउटपुटने कमी कर. मग गेन ३ पासून सुरू करून हळूहळू वर ने आणि कॉर्डमधल्या तारा एकमेकींत मिसळायला लागल्या की थांब, थोडं मागे ये. दुसरं, खऱ्या प्लेक्सीला चार इनपुट असतात, एक ब्राइट चॅनल आणि एक नॉर्मल, आणि लोक छोटी केबल लावून दोन्ही जोडून वाजवायचे. बऱ्याच युनिटमध्ये 'जंप' लिहिलेलं मॉडेल असतं ते हेच. त्यात नॉर्मल चॅनल ५-६ आणि ब्राइट ४ ठेवून बघ, पातळपणा तिथेच निम्मा जाईल.

उरलेला चिरकेपणा कॅबिनेटमधून येतो, आणि माझ्या मते टोनचा सगळ्यात मोठा हिस्सा इथेच असतो, अँपचं मॉडेल बदलत बसण्यापेक्षा इथे वेळ घालव. एक प्रयोग कर. युनिटमधला कॅब ब्लॉक (कॅबिनेटची नक्कल करणारा भाग) बंद करून एक कॉर्ड वाजव, जे कर्कश ऐकू येईल तो अँपचा उघडा आवाज. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फार कमी बाहेर सोडतो, त्यामुळे ती कर्कशता आपल्यापर्यंत येतच नाही. इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे सगळे आयआर म्हणतात ते, म्हणजे एखादा ठराविक स्पीकर, ठराविक माइक आणि माइकची ठराविक जागा यांची मिळून एक छोटी ऑडिओ फाइल, बहुतेक वेळा एका सेकंदापेक्षाही लहान. तुला हवाय तो ग्रीनबॅकचा, सेलेशनचा २५ वॉटचा स्पीकर, चार बाय बाराच्या कॅबिनेटमध्ये, आणि माइक शुअरचा एसएम५७. माइक स्पीकरच्या बरोबर मध्यावर असेल तर आवाज तिखट, कडेला सरकवला की मऊ आणि जाड. मध्यापासून जरा बाहेर सरकवलेला निवड. त्यावर ९० हर्ट्झला लो कट (त्याखालचं कापणं) आणि ६ किलोहर्ट्झच्या आसपास हाय कट (त्यावरचं कापणं) लाव. आणि दोन आयआरची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घे, कारण जो मोठ्याने वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो, सगळ्यांनाच वाटतो.

रेकॉर्ड करणार असशील तर रिदम दोनदा वाजव, एक टेक डावीकडे टाक आणि एक उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे ठेवलास तर काही होणार नाही, तो आवाज मधोमधच राहतो. दोन वेळा वाजवताना हाताचा जो बारीक फरक पडतो त्यातूनच ती रुंदी येते.

प्रश्न: माझ्याकडे स्ट्रॅटोकास्टरची साधी कॉपी आहे, तीन सिंगल कॉइल पिकअपवाली. लेड झेपलिन आणि क्वीन वाजवायचंय. लेस पॉल गिटार घेतल्याशिवाय तो टोन येणारच नाही असं मित्र म्हणतो. (मांजलपूर)

उत्तर: मित्राला सांग की झेपलिनचा १९६९ चा पहिला अल्बम जिमी पेजने मुख्यतः टेलिकास्टर गिटार आणि सुप्रोच्या छोट्या अँपवर वाजवलाय. आणि क्वीनचा ब्रायन मे तर वडिलांबरोबर घरी बनवलेल्या गिटारवर वाजवतो, पिकच्या जागी सिक्सपेन्सचं नाणं, पुढे ट्रेबल बूस्टर (वरचे सूर वाढवणारं पेडल) आणि पूर्ण चढवलेला व्हॉक्स एसी३०. तेव्हा गिटार आहे तीच ठेव. ब्रिज पिकअप टोचत असेल तर एक गोष्ट तपास, जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये स्ट्रॅटच्या ब्रिज पिकअपला टोन नॉबच जोडलेला नसतो. रिपेअर करणाऱ्याकडून एक छोटी वायर टाकून घे, काम फार नाही, आणि मग टोन ६ वर ठेवून वाजव. अँपच्या आधी इक्यू (सूर कमीजास्त करणारा ब्लॉक) टाकून ८०० हर्ट्झच्या आसपास ३-४ डीबी उचल. क्वीनसाठी एसी३० चं टॉप बूस्ट मॉडेल घे, त्याच्या आधी ट्रेबल बूस्टर लाव, आणि गिटारचा व्हॉल्यूम नॉब वापरायला शिक, साफ आवाजासाठी ४, सोलोला १०. एका प्रीसेटमध्ये (सेव्ह केलेल्या सेटिंगमध्ये) तीन आवाज मिळतात.

प्रश्न: माझा मुलगा अकरावीत आहे, गिटारचं वेड आहे. आम्ही अकोट्याला फ्लॅटमध्ये राहतो, सासूबाई ८० च्या पुढच्या आहेत, त्यांना आवाज सहन होत नाही. त्याला ट्यूब अँप हवाय. मला वाटतं लॅपटॉपवर काहीतरी होत असेल. मला यातलं काहीच कळत नाही, नक्की काय घ्यायचं?

उत्तर: ताई, तुमचा अंदाज अगदी बरोबर आहे, आणि मुलाला हे समजावून सांगा की मोठा ट्यूब अँप हळू वाजवला तर त्यातून तो आवाज येतच नाही ज्याच्यासाठी तो घ्यायचा. फ्लॅटमध्ये तो कायम २ वर राहील आणि मुलगा निराश होईल. घरात लॅपटॉप असेल तर तीनच गोष्टी लागतात: एक साधा ऑडिओ इंटरफेस ज्यात गिटारसाठीचं इन्स्ट्रुमेंट इनपुट असेल (त्याच्यावर 'इन्स्ट' किंवा 'हाय-झी' लिहिलेलं असतं आणि ते बटण दाबून चालू करायचं असतं, नाहीतर गिटारचा आवाज मंद येतो), एक चांगला वायरवाला हेडफोन आणि सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअरला पैसे घालायची गरज नाही, न्यूरल अँप मॉडेलर म्हणून आहे, ते फुकट आणि ओपन सोर्स आहे, जगभरच्या लोकांनी आपापल्या खऱ्या अँपची कॅप्चर (डिजिटल नक्कल) त्याच्यासाठी तयार करून वाटलीयत.

ब्लूटूथ हेडफोन मात्र अजिबात घेऊ नका, घरात असला तरी यासाठी नको. त्याच्यात आवाज उशिरा पोचतो, तार छेडल्यावर शंभर-दोनशे मिलिसेकंदांनी, आणि तसं वाजवताच येत नाही. वायरने जोडल्यावर विंडोजमध्ये इंटरफेसचा एएसआयओ ड्रायव्हर (उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) टाकून बफर १२८ सॅम्पलवर ठेवायला सांगा, ४८ किलोहर्ट्झला त्याचे जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद होतात, बाकीचा सगळा उशीर धरूनही एकूण १० च्या आत राहिला तर हाताला जाणवत नाही. आणि हेडफोनचा आवाज माफक ठेवायची सवय आत्ताच लावा, तासन्‌तास वाजवणाऱ्या मुलांचे कान जपायला हवेत, हे मी प्रत्येक पालकाला सांगतो.

प्रश्न: आमचा फतेगंजमध्ये कॉलेजचा बँड आहे. सोसायटीच्या गणेशोत्सवात वाजवलं. घरी हेडफोनवर माझा पॅच (युनिटमधली सेव्ह केलेली सेटिंग) एकदम रेकॉर्डसारखा होता, स्टेजवर मात्र नुसता घुमत होता, सोलो कोणालाच ऐकू आला नाही. साउंडवाल्याने सांगितलं तुझं युनिटच घाण आहे. युनिट मी तिथल्या गिटार अँपच्या इनपुटमध्ये लावलं होतं. आता नवरात्रात पण एक कार्यक्रम आहे.

उत्तर: युनिट चांगलंच आहे, जोडणी चुकली आणि पॅच चुकीच्या आवाजात बनला, दोन्ही एका दुपारी दुरुस्त होतं.

जोडणी आधी. तुझ्या पॅचमध्ये अँप आणि कॅबिनेट दोन्ही आहेत, ते सगळं परत खऱ्या अँपच्या प्रीअँपमधून आणि खऱ्या स्पीकरमधून गेलं, म्हणजे दोन अँप आणि दोन कॅबिनेट एकावर एक. घुमणारच. दोनच रस्ते आहेत. एक, युनिटमधून सरळ पीएला (कार्यक्रमाच्या मोठ्या स्पीकर सिस्टिमला) दे, कॅब ब्लॉक चालू ठेवून, आणि स्वतःला ऐकायला मॉनिटर मागून घे. किंवा गिटार अँपच वापरायचा असेल तर कॅब ब्लॉक बंद कर आणि पुढच्या इनपुटमध्ये न लावता मागे 'इफेक्ट्स रिटर्न' असतं तिथे लाव, म्हणजे त्याचा प्रीअँप बाजूला पडतो. दोन्ही पॅच वेगळे सेव्ह करून ठेव, तिथे गेल्यावर काय मिळेल सांगता येत नाही. पीएला एकच केबल जाणार असेल तर युनिटचं आउटपुट मोनो कर.

आता पॅचचं. आपला कान हळू आवाजात बास आणि अगदी वरचे सूर कमी ऐकतो, बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलंय. घरी हळू आवाजात बसलास की तू नकळत बास वाढवतोस, ट्रेबल वाढवतोस, मधले सूर खाली नेतोस, आणि ते खरंच छान लागतं. तोच पॅच स्टेजवर लाव, कान बास आणि ट्रेबल पूर्ण ऐकायला लागतो, वर तू वाढवलेले आहेतच, आणि मधले सूर ज्याच्यात गिटार राहते ते तू स्वतःच काढून टाकलेत. शिवाय १०० हर्ट्झच्या खाली बास गिटार आणि किक ड्रम बसलेत, वर झांजा. गिटारची जागा साधारण ४०० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झ, तिथे भांडायला तुझ्याकडे काही उरलंच नाही.

म्हणून पॅच कार्यक्रमाच्या आवाजात बनव. बँडच्या प्रॅक्टिसला, ड्रमर वाजवत असताना, मोठ्या स्पीकरवर. दिवसा कर, रात्री १० नंतर नको. मिड ६-७, बास ३-४, लो कट १०० ते १२० हर्ट्झपर्यंत ने, गेन अजून थोडा कमी. एकट्याने वाजवलास तर हा आवाज कोरडा आणि नाकातला वाटेल, वाटू दे, बँडमध्ये तोच पुढे येतो. रिव्हर्ब जवळजवळ काढून टाक, सोसायटीच्या चार बिल्डिंगच्या मध्ये आवाज आपोआपच खूप घुमतो. सोलोसाठी गेन वाढवू नकोस, पॅचच्या शेवटी ३-४ डीबीचा साधा बूस्ट एका फूटस्विचवर ठेव. गेन वाढवलं की आवाज दबतो, मोठा होत नाही, आणि तुझा सोलो बुडायचं हेही एक कारण असणार.

प्रश्न: मी निवृत्त प्राध्यापक, प्रतापगंजला राहतो. १९७० च्या दशकात युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलवर मित्राच्या रेकॉर्ड प्लेअरवर पिंक फ्लॉइड आणि हेंड्रिक्स ऐकले. सुरसागरजवळच्या म्युझिक कॉलेजात काही वर्षं सतारही शिकलो. आता नातू लॅपटॉपवर तोच आवाज काढतो. ऐकायला हुबेहूब आहे, पण तो म्हणतो की लांबवलेला सूर मध्येच मरतो, पिंक फ्लॉइडच्या गिल्मरसारखा टिकत नाही. ही नक्कल कुठवर खरी?

उत्तर: काका, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या काळात मौलाबक्षांच्या हाताखाली सुरू झालेल्या त्या शाळेत तुम्ही सतार शिकलात, तर मला सोपं जाईल, कारण जवारी तुम्हाला माहितीये. जवारी नीट लागली असेल तर तार घोडीला अगदी निसटता स्पर्श करते, जोरात छेडली तर वेगळी फुलते, हळू छेडली तर वेगळी. आवाज फाटण्याच्या काठावर आणलेला ट्यूब अँप असाच आहे, तो हाताच्या जोराप्रमाणे बदलतो. डिजिटलला इतकी वर्षं हेच जमत नव्हतं. १९९८ मध्ये लाइन ६ चा पॉड आला तेव्हा टोनचं चित्र बरोबर होतं, हाताला मिळणारं उत्तर तेवढं बरोबर नव्हतं. आता दोन पद्धती आहेत. एकीत अँपच्या सर्किटचं गणित मांडतात, त्यामुळे सगळे नॉब खऱ्यासारखे फिरतात. दुसरीत, म्हणजे २०११ च्या सुमारास आलेला केम्पर किंवा आताचं न्यूरल अँप मॉडेलर, खऱ्या अँपमधून चाचणीचा सिग्नल सोडतात, आत काय गेलं आणि बाहेर काय आलं ते संगणक शिकतो. हे फार अचूक असतं, पण सहसा नॉबच्या त्या एका ठेवणीपुरतं. रेकॉर्डिंग ऐकून खरा अँप कुठला आणि मॉडेल कुठलं हे ओळखणं आता मलाच काय, कोणालाही अवघड आहे. तिथे तुमच्या नातवाचं काम पूर्ण खरं आहे.

सूर मरतो त्याचं कारण सॉफ्टवेअरमध्ये नाहीये, हेडफोनमध्ये आहे. गिल्मरच्या मागे १०० वॉटचे हायवॉट अँप होते, आवाज स्वच्छ पण खूप मोठा, त्याच्या पुढे बिग मफ हे फझ (आवाज खूप फाडणारं) पेडल. स्पीकरमधून निघालेली हवा परत गिटारच्या तारांवर आदळते आणि तारेला हलतं ठेवते, सूर तिथून टिकतो. हेंड्रिक्सचे ते लांब ओरडणारे सूर तर पूर्ण याच्यावर उभे आहेत. हेडफोनमधून तारेपर्यंत काहीच पोचत नाही, आणि याला कुठलंही मॉडेल पुरं पडत नाही. नातवाला सांगा, दोन मॉनिटर स्पीकर टेबलावर ठेव, गिटार घेऊन एक मीटरवर त्यांच्याकडे तोंड करून बस, आवाज बोलण्याच्या थोडा वर, आणि सूर धरून जागा बदलून बघ, काही जागांवर तो फुलायला लागेल. फझच्या आधी हलका कंप्रेसर (आवाजाचे चढउतार सारखे करणारा), हायवॉटच्या मॉडेलचं मिड वर, कारण मफ मधले सूर खातो, आणि अँपनंतर ४०० मिलिसेकंदांच्या आसपासचा डिले (प्रतिध्वनी). हेंड्रिक्ससाठी फझ फेस वापरायचा असेल आणि तो खरा पेडल असेल तर गिटारनंतर सगळ्यात पहिला लावायचा, मध्ये कुठलाही बफर (सिग्नल मजबूत करणारं सर्किट) नको. त्याचं इनपुट पिकअपवर भार टाकतं आणि त्याच्यामुळेच गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की तो काचेसारखा साफ होतो. काही युनिटमध्ये इनपुट इम्पीडन्स बदलता येतो, तिथे कमी करून बघावा.

प्रश्न: वाडीतल्या जुन्या घरात राहतो. गिटार लॅपटॉपला जोडली की गूं असा आवाज येतो, तारेला हात लावला की कमी होतो. नॉइज गेट (वाजवत नसताना आवाज बंद करणारा ब्लॉक) लावू का? (वाडी)

उत्तर: गेट सगळ्यात शेवटी. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, गेला तर तो चार्जरचा होता. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि डिमरवाला दिवा बंद करून बघा, सिंगल कॉइल असेल तर जागेवर बसून गिटार हळूहळू फिरवून बघा, एका कोनात कमी होतो. तारेला हात लावल्यावर कमी होतो म्हणजे बहुतेक गिटारच्या आतलं शील्डिंग अपुरं आहे, पण घर जुनं आहे तर अर्थिंगही तपासायलाच हवं. इलेक्ट्रिशियनला बोलावून ज्या पॉइंटला इंटरफेस आणि अँप लावता त्याचं अर्थिंग मोजून घ्या. आणि कोणी कितीही सांगितलं तरी गूं जावा म्हणून तीन पिनच्या प्लगची अर्थ पिन काढायची नाही, वाजवताना तुमचे दोन्ही हात धातूच्या तारांवर असतात.